सरकीची उधारी: पटावरच्या खेळात गोष्ट कुठून येते

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हालाही दिसेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात तुम्ही शिकवता. सातवीच्या मुलांसाठी कापसाच्या हंगामावर पटावरचा खेळ बनवलाय. पुठ्ठ्यावर ४८ घरं, एक फासा, ६० कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर महादू नावाच्या कास्तकाराची आठ-दहा ओळींची गोष्ट. मुलं कार्ड उचलतात, थेट शेवटची ओळ बघतात, ‘दोन घरं मागे’, आणि फासा पुढच्याच्या हातात. महादूचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. गोष्ट वाचायला कसं लावू, असं तुम्ही विचारता. आणि खाली, जरा बिचकत, दुसरा प्रश्न: महादूच्या आत्महत्येचं एक कार्ड आहे, ते ठेवू का?

दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात: काढा. का ते पुढं सांगतो. पहिल्याला वेळ लागेल.

मुलं चुकत नाहीयेत. खेळात ज्या ओळीनं काही हलतं तीच ओळ वाचायची, हे त्यांना कोणी न शिकवता कळलंय. वरच्या आठ ओळी पुसल्या तरी खेळ तसाच चालतो, म्हणून त्यांनी त्या पुसल्या. माझ्या पहिल्या खेळाची हीच गत झाली होती. मी धानाच्या मुलखातला, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा. तरुणपणी वडशाच्या कंपन्यांसाठी नाटकं लिहायचो, पडद्यामागून संवाद सांगायचो. नंतर खेळांकडे वळलो तेव्हा वाटलं, संवाद लिहिता येतात ना, मग काय अवघड आहे! ७२ कार्डं लिहिली. पैसे देणाऱ्या एका संस्थेनं प्रत्येक कार्डाखाली तात्पर्य हवं म्हणून हट्ट धरला, तेही लिहिलं. गावात खेळायला बसलो तर एका म्हाताऱ्यानं कार्ड डोळ्यांपासून लांब धरून विचारलं, “हे वाचाचं आहे का खेळाचं?” त्याला उत्तर द्यायला मला पुढची पाच-सहा वर्षं लागली.

नाटकात मला एक गोष्ट आधीच कळायला हवी होती. घर कर्जात आहे हे नायकाच्या तोंडून सांगितलं की मागच्या रांगेतला माणूस बिडी पेटवतो. तेच रंगमंचावर दाराशी एक जोड चपला ठेवा, त्या घरातल्या कोणाच्याच नाहीत असं दिसू द्या, आणि आतून सावकाराचा खाकरा ऐकू येऊ द्या. बिडी विझते. खेळातही असंच असतं, फक्त इथं चपला खेळाडूनं स्वतःच्या हातानं आणून ठेवलेल्या असाव्या लागतात.

आपल्याकडचे जुने खेळ बघा. मोक्षपट परंपरेनं ज्ञानदेवांशी जोडला जातो. त्यात साप म्हणजे दुर्गुण, शिडी म्हणजे सद्गुण, घराघराला नाव. पण खेळणारा काहीच ठरवत नाही, दान पडेल तसा वर जातो नि खाली येतो. ते कीर्तन झालं. ऐकायचं, मान डोलवायची. याच्या उलट देवळाच्या फरशीवर कोरलेला वाघ-बकरीचा पट. तिथं एक अक्षरसुद्धा लिहिलेलं नसतं. वाघ तीन किंवा चार, बकऱ्या पंधरा-वीस, गावागणिक बदलतं. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. दोन डाव झाले की खेळणारे बोलायला लागतात: “तिले पुढं काऊन पाठवली, एकटी पडली ना बिचारी!” ही गोष्ट कोणी लिहिली? दोन बाजूंचं बळ वेगळं ठेवणाऱ्या नियमानं. (ब्रह्मपुरीकडं हा पट मांडला तर बायका आधी “जंगलात सरपणाले कोण गेलतं” तिथून सुरू करतात. तिथला वाघ पटापुरता राहिलेला नाही.)

नियम गोष्ट सांगतो याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या घराघरांतला ‘व्यापार’. त्याचा मूळ पूर्वज अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईनं बनवला, १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जमिनीच्या भाड्यावर एक गब्बर होतो आणि बाकीचे कंगाल, हे लोकांना कळावं म्हणून. तिनं नियमही दोन तऱ्हेचे केले होते, एकात सगळ्यांना थोडं थोडं मिळायचं, दुसऱ्यात एकच उरायचा. १९३५ पासून जो खेळ ‘मोनोपॉली’ नावानं जगभर खपला त्यात दुसरीच तऱ्हा उरली. जमिनीची घरं, भाडं, तुरुंग सगळं तिथंच. नियमांचा एक जुडगा गळाला आणि गोष्ट उलटी झाली: ज्याची भीती घालायची होती तोच खेळाचा नायक झाला.

म्हणून ताई, महादूला तूर्त बाजूला ठेवा. कास्तकार मुलंच आहेत. आणि मला एवढं सांगा, तुमच्या खेळात उधारी आहे का?

पैशांची उधारी म्हणतोय, पण तेवढीच नाही. खेळाडूनं आज काहीतरी ठरवलं आणि त्याचा हिशेब चार फेऱ्यांनी त्याच्या दारात आला, तर मधल्या चार फेऱ्या तो त्या गोष्टीत राहतो. तुमच्या ‘दोन घरं मागे’चा हिशेब जागच्या जागी मिटतो. रोखीचा व्यवहार. दुकानातून रोखीनं मीठ आणलं त्याची कोणी घरी येऊन गोष्ट सांगत नाही. उधारीवर बियाणं आणलं तर मात्र मृगापासून दिवाळीपर्यंत घरात त्याचंच बोलणं.

हे मी कुठं शिकलो ते सांगतो. माझी सासुरवाडी वणीकडची, सगळी पऱ्हाटी, म्हणजे कापूस. तिथल्या छपरीत एका उन्हाळ्यात कापसाचा खेळ पहिल्यांदा मांडला. लाइन गेलेली, मधे कंदील. खेळायला सासरे, साळ्याची नववीतली पोरगी, तिचा मामेभाऊ आणि शेजारच्या काकू. पैसे म्हणून तुरीचे दाणे, कर्ज म्हणून खरी सरकी, कापसाचं बी. ही सरकीची कल्पना मला फार आवडते, तुम्हीही वापरा. सरकीला तंतू चिकटलेले असतात, बोटांना लागत राहते. उधार घेतलं की एक सरकी तुमच्या वाटीत. फेडलं की बाहेर. किती उधार झालं ते बोलून दाखवावं लागत नाही, वाटी दिसते.

प्रत्येकाला दोन बैल दिले होते, लाकडाचे, तान्ह्या पोळ्यातले छोटे. पोरीनं दुसऱ्याच फेरीत बैल विकले, चार दाण्यांना. हिशेब चोख होता तिचा: डवरणीला भाड्यानं घेता येतं, बैलांना दर फेरीला चारा कशाला घालू? मला ते पटलंही. मग श्रावणातली अमावस्या आली, पोळ्याचं घर. तिथं मी नियम ठेवला होता की सगळ्यांनी आपापले बैल तोरणाखाली आणून उभे करायचे. बक्षीस नाही, दंड नाही. दोन काड्यांना सुतळी बांधून तोरण केलं होतं. तिघांनी बैल मांडले. पोरगी जरा वेळ बघत राहिली, मग काडेपेटी पुढं सरकवून म्हणाली, “हा माहा ट्रॅक्टर.” आजोबा म्हणाले, “तोरणाखाली ट्रॅक्टर नाई चालत माय.” सगळे हसले, तीही हसली. पण पुढच्या फेरीत तिनं सहा दाणे मोजून एक बैल परत घेतला. दोन दाणे तोटा, आणि परत आला तो एकच बैल! नियमानं तिला काहीच मिळणार नव्हतं. त्या घरावर मी एकही ओळ लिहिलेली नव्हती, नुसती जागा ठेवली होती.

आता फरदड. तुम्ही कापसाच्या मुलखातल्या, तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत. डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटून टाकायची सोडून पाणी देऊन ठेवली तर आणखी एक-दोन वेचे निघतात. हातात पैसा येतो. पण गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं, ती टिकते आणि पुढच्या हंगामात लवकर येते, माझ्याच वावरात नाही तर धुऱ्यापलीकडच्याही. कृषी खातं दरवर्षी फरदड घेऊ नका म्हणून सांगतं, आणि २०१७ मध्ये बोंडअळीनं विदर्भात काय केलं ते तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी अजून बोललं जात असेल. तुमच्या खेळात हे एका कार्डावर आहे: ‘बोंडअळी आली. अर्धं पीक गेलं.’ आकाशातून पडल्यासारखं. इतकी चांगली गोष्ट तुम्ही वाया घालवताय.

असं करा. एक कापडी पिशवी घ्या, तिच्यात १० पांढरे मणी आणि १ लाल. हंगामाच्या शेवटी सगळ्यांनी मूठ झाकून पुढं धरायची. मुठीत सरकी असेल तर फरदड ठेवली, रिकामी असेल तर उपटली. मुठी एकदम उघडायच्या. ठेवणाऱ्याला लगेच ३ दाणे, आणि त्याच्या नावाचे २ लाल मणी पिशवीत. ही पिशवी सगळ्यांची एकच. पुढच्या हंगामात बोंडं धरली की प्रत्येकानं आपल्या तीन वावरांसाठी तीनदा मणी काढायचा, दर वेळी परत टाकून. लाल आला त्या वावराचं अर्धं पीक गेलं.

हिशेब करून ठेवलाय. कोणीच फरदड ठेवली नसेल तर एखाद्या खेळाडूच्या निदान एका वावरात अळी येण्याची शक्यता शंभरात २५. एकानं ठेवली की ५४. तिघांनी ठेवली की ८०च्या जवळ. म्हणजे एकट्यानं शहाणपण करून भागत नाही, आणि एकट्याच्या हावेनं सगळ्यांचं बिघडतं. हे मुलांना सांगायचं नाही. दुसऱ्या हंगामात पहिला लाल मणी निघाला की त्यांची नजर मण्यावरून उठून एकमेकांच्या तोंडावर जाते. “तूच ठेवली व्हती!” “मंग काय करू? तीन सरक्या व्हत्या माह्या वाटीत.” हे दुसरं वाक्य कुठल्याही कार्डावर लिहून मिळालं नसतं.

त्या रात्री सासऱ्यांनी मूठ उघडली तर आत दोन सरक्या. “आबा, एकच ठेवता येते,” नात म्हणाली. “वावरात कोण मोजते?” आबा म्हणाले. मी नियम बदलला. आता दोन ठेवता येतात, ६ दाणे आणि ४ लाल मणी.

बाहेरच्या देशांतल्या खेळांतली एक-दोन हुन्नरं इथं कामाची आहेत. ‘डेड ऑफ विंटर’ हा २०१४चा खेळ. त्यात तुमची पाळी आली की शेजारचा खेळाडू एक कार्ड काढून गुपचूप वाचतो, त्यावर एक अट असते. तुम्ही नकळत ती अट पुरी केली तरच तो कार्ड मोठ्यानं वाचून दाखवतो, नाहीतर ते तसंच परत जातं. म्हणजे वाचणाऱ्याला वाचायचं कारण असतं आणि ऐकणाऱ्याला ऐकायचं. आपल्या गावात हे शिकवावं लागणार नाही, आपली गुपितं शेजाऱ्यालाच आधी ठाऊक असतात. तुमच्या ६० कार्डांपैकी दहा-बारा अशी करून बघा: ‘याने या फेरीत खेडा खरेदीवाल्याला (गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला) कापूस दिला तर वाच.’

दुसरं ‘पँडेमिक लेगसी’कडून, २०१५चा. त्यात बारा महिने असतात, प्रत्येक महिना जास्तीत जास्त दोनदा खेळायचा. खेळता खेळता पटावर चिकट्या लावायच्या, काही कार्डं चक्क फाडून टाकायची. झालेलं पुसता येत नाही. इतका महागडा डबा फाडणं आपल्याला परवडणार नाही, पण तुमचा पट पुठ्ठ्याचाच आहे. पडीक पडलेल्या वावरावर शाईनं खूण करू द्या आणि यंदाच्या सातवीचा पट पुढच्या सातवीला द्या. “हे वावर कोणी पडीक टाकलं?” असं कोणीतरी विचारेलच, आणि आठवीतला एखादा पोरगा मधल्या सुट्टीत येऊन सांगेल.

वाचायचेच खेळ असतात की नाही? असतात. शेरलॉक होम्सवरचा तपासाचा खेळ १९८१ पासून आहे, त्यात पानंच्या पानं वाचायची. पण तिथं वाचणं हीच चाल आहे. कुणाकडं जाऊन चौकशी करायची ते तुम्ही ठरवता, मग तेवढाच मजकूर उघडता. तुमची मुलं फाशानं चालतात, त्यांना त्या वाटेला नेऊ नका.

फाशावरून आठवलं, तो काढून चिंचोके घ्या. चिंचोके फोडून केलेले चार अर्धे भाग, एक बाजू पांढरी, एक काळी. सहा बाजूंच्या फाशात एक आणि सहा सारख्याच वेळा पडतात. चार चिंचोक्यांत दोन पांढरे दोन काळे सोळात सहा वेळा, आणि चारही पांढरे सोळात एकदाच. चारही काळे, तेही एकदाच. (दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरून. खरे चिंचोके थोडे लबाड असतात आणि पोरांना कोणता कुठं कलतो ते दोन दिवसांत पाठ होतं.) अष्टा-चंगा खेळणारी आजी या दोन दानांना ओरडते ते उगाच नाही. मृगाचा पाऊस वेळेवर येणं चार पांढऱ्यांवर ठेवा, गारपीट चार काळ्यांवर. मधली दानं म्हणजे रोजचे दिवस. दुर्मीळ ते दुर्मीळच पडू द्या.

आता कार्डाचं लिखाण. तुम्ही पाठवलेल्यातलं एक: ‘महादू पहाटे उठून वावरात गेला आणि पाहतो तर काय, पावसाने दगा दिल्यामुळे बियाणे उगवलेच नव्हते. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले...’ असं सात ओळी, आणि शेवटी ‘४ दाणे द्या.’ त्याऐवजी: ‘उगवलं नाही. पुन्हा पेरायचं? ४ दाणे रोख, नाहीतर ३ सरक्या उधार, नाहीतर वावर पडीक.’ डोळ्यांतलं पाणी कापून टाका, ते यायचं असेल तर खेळणाऱ्याच्या येईल. तुम्ही वऱ्हाडी बोलता ना घरी? मग कार्ड वऱ्हाडीतच लिहा, ‘निंघालं नाई’ म्हणा. पुस्तकी मराठीत लिहिलं की मुलं ते धडा समजून टाळतात.

आपल्या रिद्धपूरच्या महानुभावांकडं याचा सातशे वर्षांपूर्वीचा नमुना आहे. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केशिराजांनी जुळवले, त्यातल्या प्रत्येकाचे तीन भाग: सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, मग दार्ष्टांतिक म्हणजे ती गोष्ट कशाला लागू पडते ते. खेळात सूत्र हा नियम, दृष्टांत म्हणजे खेळणाऱ्यांचा डाव, आणि तिसरा भाग रिकामा सोडायचा. त्या संस्थेनं माझ्याकडून नेमका तिसरा भाग ७२ वेळा लिहून घेतला होता.

आता ते आत्महत्येचं कार्ड.

तुमच्या वर्गात तीसेक मुलं असतील. त्यांतल्या एखाद्याच्या घरी हे घडलेलं असू शकतं. त्याच्या काकाकडं, मामाकडं, नाहीतर त्याच्याच. ते मूल दान टाकतं, कार्ड उचलतं आणि चार दोस्तांसमोर ते मोठ्यानं वाचतं, खाली लिहिलेलं असतं ‘डाव संपला’. त्याच्या बापाचं मरण एका चिंचोक्यानं पडलेलं दान झालं. तुमचा हेतू चांगला आहे, हे घडतं ते लपवू नये असं तुम्हाला वाटतं, मी समजतो. लपवूही नका. वाटीतल्या सरक्या सगळ्यांना दिसताहेत, लपलेलं काहीच नाही. पण मरण नशिबाच्या कार्डावर नको आणि शिक्षेच्या कार्डावर तर नकोच. कोणा मुलानं स्वतःहून तो विषय काढला तर खेळ थांबवा, शेजारी बसा, ऐका. गरज वाटली तर नंतर घरच्यांशीही बोला.

त्या कार्डाच्या मागं एक नियमाचीही अडचण होती: ज्याचं सगळं गेलं त्याचं काय करायचं? ‘व्यापार’मध्ये तो उठून जातो आणि तासभर दुसऱ्यांचा खेळ बघत बसतो. असं करू नका. ज्याच्या वाटीत दहा सरक्या झाल्या त्याचं वावर गहाण पडतं आणि तो मजुरीला जातो, पण पटावर राहतो. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत हे तुमच्या मुलांना कोणी सांगायला नको. मग तीन कास्तकार एका मजुराच्या मागं: “माह्या वावरात ये ना, किलोमागं जास्त देतो!” कोणाकडं जायचं ते तो ठरवतो, भाव तो ठरवतो, आणि ज्यानं फरदड ठेवून पिशवी नासवली त्याच्याकडं जायचं की नाही हेही. तो सरक्या फेडून परत वावर सोडवू शकतो. माझ्या अनुभवात डावातली सगळ्यात मोठी बोलाचाली इथं होते, आणि जिंकणाऱ्यापेक्षा मजुराचीच गोष्ट मुलं घरी जाऊन सांगतात.

कार्डं आत्ता छापू नका. जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहा, कागद जाड असतो आणि खोडता येतो. ६० नकोत, २० पुरेत, पाच कोरी ठेवा. पहिल्यांदा खेळताना तुम्ही बोलू नका, नियम कुठं अडतो ते वहीत टिपा. मुलं कशावर भांडली ते जरूर टिपा.

आणि एक मदत मला हवी आहे. पहिल्या वेच्याच्या आधी वावरात सीतादही नावाची पूजा करतात, त्याचं घर मी पटावर ठेवलंय, पण तिथं काय व्हायचं ते मला अजून जमलेलं नाही. पोळ्यासारखी रिकामी जागा ठेवून पाहिली, कोणी थांबलंच नाही. एक दाणा ठेवायला लावला तर तो कर वाटला. तुमच्या वर्गातल्या मुलींना विचारा, घरी त्या दिवशी दही-भात घेऊन वावरात कोण जातं आणि आधी कोणत्या झाडाशी थांबतं. त्या काय सांगतात ते मला कळवा.